अर्थिंगचा खड्डा

कुसुम गेल्याचं मला कळलं तेव्हा मी खड्ड्यात होतो. मंगळवार होता, अकरा वाजून गेले होते. अंगणात, पेरूच्या झाडापासून चार पावलांवर मी अर्थिंगसाठी खड्डा खणत होतो आणि तो कमरेइतका झाला होता. वरची काळी माती संपून खाली चुनखडी लागली होती. शर्ट काढून पेरूच्या फांदीला अडकवला होता, त्याच्या खिशात फोन वाजला. थांबला आणि परत वाजला. वर येऊन पाहिलं तर कुसुमचंच नाव. मला वाटलं, किती झाला ते विचारायला केला असेल. म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "झाला, झाला, कमरेइतका झाला."

तिकडून पुरुषाचा आवाज आला. "ह्या बाई तुमच्या कोण लागतात?"

जिंतूरचा दुकानदार होता, विजेच्या सामानाचा. कुसुमनं सामान घेतलं, पिशवी भरली, प्यायला पाणी मागितलं आणि दुकानाच्या पायरीवर बसली. पाणी येईस्तोवर तिनं भिंतीला मान टेकली होती. त्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हात पाहिला आणि नाही म्हणाले. हे सगळं त्या माणसानं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "पिशवी माझ्याकडं हाय, फिकीर करू नका." पिशवीची फिकीर कोण करत होतं? पण तो बिचारा तरी दुसरं काय बोलणार.

मी हातपाय धुतले, शर्ट घातला आणि आत गेलो. आत तिची आई होती, आणि तिला सांगायचं काम माझंच होतं.

तिथं मी अडलो. माझ्या सासूबाई दगडाबाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण काही नाही, आमच्याकडची जुनी रीत आहे. सासू जावयासमोर पदर पुढं ओढते आणि जे सांगायचं ते लेकीला सांगते. एकतीस वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये कुसुम होती. "कुसुम, पाव्हण्याला म्हनावं अर्धी भाकर घ्या." "कुसुम, आईला सांग पोट भरलं." आता कुसुमची बातमी सांगायची होती आणि ती सांगायला मध्ये कुसुम नव्हती.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. नाकात नळ्या, शेजारी ऑक्सिजनचं मशीन सुरू. मला पाहून त्यांनी पदर ओढला. मी मशीनकडं पाहिलं आणि मशीनलाच सांगितलं, "जिंतूरहून फोन आला होता. कुसुम आता नाही."

मग सासूबाईंनीही तोंड मशीनकडं केलं आणि म्हणाल्या, "खोटं हाय म्हनावं."

हे मशीन आणि तो खड्डा काय आहे ते आधी सांगतो.

सासूबाईंनी सेलूला एका जिनिंगमध्ये सतरा वर्षं काम केलं. कापसाची बारीक धूळ छातीत बसली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले की आता दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागेल, आणि आता तर नळी काढली की लगेच दम लागतो. त्यांना मुलगा नाही. कुसुम एकटीच. पुतण्या आहे, भुजंग, तो देवगाव फाट्याच्या अलीकडं शेतात घर करून राहतो. कुसुम म्हणाली, आई माझ्याकडं राहील. सासूबाई म्हणाल्या, लेकीच्या घरी कायमची राहून लोकांना तोंड कसं दाखवू? कुसुम म्हणाली, "नाकात नळ्या असल्यावर तोंड कोन बघतंय?" आणि घेऊनच आली.

मशीन चालतं विजेवर, आणि आमच्या बोरी गावात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. एक छोटं सिलिंडर होतं, पण ते दोन तासांत संपायचं आणि भरायला जिंतूरला न्यावं लागायचं. म्हणून ह्या उन्हाळ्यात आम्ही पेट्रोलवरचा लहान जनरेटर घेतला. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावा एवढा.

मी सत्तावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीवाल्याला वाटतं की लाईटीतलं आपल्याला सगळं कळतं. मी माळ्यावरची एक जुनी वायर काढली. तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग होता आणि आमच्या जुन्या बोर्डात भोकं दोनच, म्हणून वरची जाड पिन मी कधीच पकडीनं मोडून टाकलेली होती. आमच्याकडं सगळेच मोडतात. ती अर्थिंगची पिन असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. वायर दोन-तीन ठिकाणी उंदरांनी कुरतडली होती, तिथं मी चिकटपट्टी लावली आणि जनरेटर एकदाचा चालू केला. मशीन छान चाललं.

दुसऱ्या वेळेला चालवला तेव्हा वळवाचा पाऊस होऊन गेला होता. कुसुम अनवाणी जनरेटर बंद करायला गेली. वायरची एक उघडी जागा जनरेटरच्या लोखंडाला चिकटली होती, दुसरी ओल्या मातीत पडली होती. कुसुमनं दांड्याला हात लावला आणि मागं चिखलात फेकली गेली. मी धावलो. ती आपली आपण उठली, हात झटकला, साडी झटकली, आणि मला म्हणाली, "तुमी गिरणीवाले कशाचे, तुमी यमाचे वायरमन!"

त्याच संध्याकाळी तिनं सिद्धोधनला बोलावलं. सिद्धोधन आमच्या गावचाच, आयटीआय करून लाईनवर लागलेला. खांबावर चढायची सगळी कामं तोच करतो. कुसुमला काकू म्हणायचा, आणि तिच्या हातचे धपाटे खाल्ल्याशिवाय आमच्या आळीतली कुठलीही तक्रार मिटवायचा नाही. तो आला, त्यानं वायर उचलून पाहिली आणि गुंडाळून बाहेर उकिरड्यावर टाकून आला.

मला राग आला. मी म्हणालो, "मग अंगणातून वायर ओढायचीच नको. दोन्ही टोकांना पिना लावतो. एक टोक जनरेटरला, एक आपल्या व्हरांड्यातल्या सॉकेटला. सगळ्या घराला लाईट."

सिद्धोधननं हातातला धपाटा ताटात ठेवला. "काका, लाईट गेल्यावर मी काय करतो? डीपीवरचे फ्यूज काढतो आन् खांबावर चढतो. तार मेलेली हाय मनून मी तिला हात लावतो. तेवढ्यात तुमी खालून जनरेटर सॉकेटमधी सोडला, तर तो करंट मीटरमधून उलटा फिरून माझ्याच तारेवर येतो. वर मला काय म्हाईत तुमी खाली काय करायलेत?"

"मेन बंद करूनच लावतात की," मी म्हणालो.

"शंभरदा करताल. एकशे एकाव्या टायमाला इसरताल."

कुसुमनं विचारलं, "म्हंजे माझ्या आईचा दम चालावा मनून ह्याचा बंद करायचा?"

"मुद्दाम कोनी करत न्हाई काकू."

"मुद्दाम केलं काय आन् आळसानं केलं काय," असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं.

मग त्यानं काय काय लागेल ते सांगितलं. एक चेंजओव्हर बसवायचा. तो खटका वर असला की घराला लाईनीची लाईट, खाली केला की जनरेटरची, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, त्यामुळं विसरायचा प्रश्न नाही. आणि अर्थिंग. सात-आठ फूट खड्डा, त्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. त्या पाइपाची वायर जनरेटरच्या सांगाड्याला आणि घराच्या बोर्डाला. म्हणजे कुठं वायर उघडी पडली तरी करंट माणसातून जाणार नाही, जमिनीत जाईल. तोवर चालवायचाच झाला तर चांगली अखंड तीन पिनांची वायर घ्यायची आणि फक्त मशीन थेट जनरेटरला लावायचं, घराच्या वायरिंगला शिवायचं नाही. जनरेटर कोरड्या जागेवर आणि खिडकीपासून लांब. त्याच्या धुरातला एक वायू वासही न येता माणसाला झोपेतच संपवतो.

कुसुमनं हे सगळं पाठ केलं. आल्यागेल्याला सांगायची. आईला तर इतक्यांदा सांगितलं की सासूबाई म्हणायच्या, "आता मला खांबावर चढवती का काय!"

पाइप आणि कोळसा मी परभणीहून आणून ठेवला. खड्ड्याचं मात्र उद्या, परवा करत आषाढ गेला. नवी वायर आणायचंही राहिलं. लाईट गेली की सिलिंडर लावायचं आणि ते भरायला कुसुम हेलपाटे घालायची. शेवटी श्रावणात एका सोमवारी ती म्हणाली, "उद्या मी जिंतूरला जाऊन बाकीचं सामान आनते. तुमी खड्डा खांदा. मी यायच्या आत कमरेइतका पाहिजे."

तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. आमच्या भावकीत आता राख नदीला नेत नाहीत. खड्डा करून त्यात राख घालतात आणि वर झाड लावतात. चांगली रीत आहे, दोन-तीन घरी मीच पुढं होऊन ती पाडायला लावली होती. घरी येऊन मी मागच्या न्हाणीत अंघोळ केली. ओल्या अंगानं पुढं आलो तर अंगणात सगळी भावकी गोळा झालेली आणि भुजंग पायानं माती दाबत होता. मातीत एक रोप उभं होतं.

माझा खड्डा बुजला होता.

भुजंग माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "दाजी, आमी शेतात जायचं म्हनत व्हतो. मग बघितलं, तुमी अंगनातच खांदून ठिवलाय. त्याच दिवशी! बाई जाऊन घटका न्हाई झाली आन् तुमी तिच्या झाडाची सोय केली. आसं कुनी करत न्हाई, दाजी."

सगळे माझ्याकडं पाहत होते. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. ह्या माणसांना मी काय सांगणार होतो, की तो जनरेटरचा खड्डा आहे? मी तांब्या घेतला आणि रोपाला पाणी घातलं.

रोप चिकूचं होतं. भुजंगनं येताना फाट्यावरच्या रोपवाटिकेतून आणलं होतं. कुसुमला चिकू आवडायचा नाही. गिळगिळीत लागतो म्हणायची.

संध्याकाळी मी सासूबाईंच्या खोलीत चहा ठेवायला गेलो. त्यांनी पदर ओढला आणि मशीनकडं तोंड केलं. "मशीनबाई, पाव्हण्याला म्हनावं, माझ्या लेकीला चिकू आवडत नव्हता."

मी मशीनला म्हणालो, "मला माहीत आहे म्हणावं."

"आन् त्यो खड्डा कशाचा व्हता तेबी मला ठावं हाय."

"मग भुजंगला सांगितलं का नाही, विचार."

"त्यांनी काहून न्हाई सांगितलं, ते आधी इचार."

मागं दारात आमची मुलगी प्रियांका उभी होती, नांदेडहून आलेली. ती पदर तोंडात धरून रडायला लागली. नंतर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं मशीनशी बोलताय." मी म्हणालो, "मग कुणाशी बोलू?"

तेरवी झाली. प्रियांकाच्या लेकरांची शाळा होती. ती मला चला म्हणाली, मी नाही म्हणालो. ती गेल्यावर दुसऱ्याच सकाळी सासूबाई मशीनला म्हणाल्या, "पाव्हण्याला म्हनावं, भुजंगला फोन लावा. येऊन घिऊन जा म्हनावं मला."

मी भाजी चिरत होतो, ती बाजूला ठेवली. "इथं काय कमी पडलं, विचार."

"कमी काय न्हाई. लेकीचं घर लेक असंपर्यंत. आता जावयाच्या हातचं खाऊन ऱ्हायचं म्हंजे बेजार करनं हाय मानसाला. आन् त्यांच्या हातच्या वरनात मीठबी नसतंय."

"भुजंगच्या वस्तीवर लाईट किती वेळ असते, ते पण विचार त्यांना."

"जेवढी आसंल तेवढी. मला काय शंभर वरसं काढायचीत."

मी फोन लावला. नाही लावला असता तर त्यांनी जेवण सोडलं असतं, कुसुमचीच आई आहे. पण त्या जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. वस्तीवर त्यांचे हाल होतील हे एक. आणि दुसरं म्हणजे, कुसुम लहानपणी कशी होती, कुणाचे पेरू तोडायची, शाळेत कशी जायची नाही, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. त्या गेल्या तर घरात कुसुमबद्दल बोलायला मशीनसुद्धा राहणार नव्हतं. हे त्यांना सांगायचं कसं, ते मला कळत नव्हतं. असलं मशीनला सांगता येत नाही.

भुजंग रविवारी दुपारी पिकअप घेऊन आला. सासूबाईंचं बोचकं बांधून तयार होतं. भुजंग म्हणाला, "दाजी, मशीन नेतो आन् जनरेटरबी द्या. वस्तीवर लागंल. मी बरोबर लावतो, लय साधं काम हाय."

आम्ही चहा पीत होतो तेव्हा वारा सुटला आणि लाईट गेली. मशीननं लांब शिट्टी दिली आणि बंद पडलं. मी सिलिंडर ओढून नळी जोडली, चावी फिरवली. काहीच नाही. काटा शून्यावर होता. शेवटचं वापरलं ते कुसुम असताना, त्यानंतर लाईट अशी गेलीच नव्हती. ते भरून आणायचं काम तिचं होतं, आणि ह्या वीस दिवसांत मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

मोबाईलला रेंज होती म्हणून मी अँब्युलन्सला फोन लावला. जिंतूरहून निघते म्हणाले. म्हणजे पाऊण तास.

"जनरेटर काढा!" भुजंग म्हणाला. आम्ही दोघांनी तो उचलून अंगणात आणला. तो पिकअपकडं पळाला आणि एक वायर घेऊन आला. दोन्ही टोकांना पिना. एक टोक त्यानं जनरेटरमध्ये खुपसलं, दुसरं व्हरांड्यातल्या सॉकेटमध्ये.

"मेन कुठंय?" त्यानं विचारलं.

आमचा मेन दारामागं आहे. तेरवीला पंगतीसाठी जागा करायची म्हणून सोयाबीनची पोती त्याच्यासमोर छतापर्यंत रचली होती.

"ऱ्हाऊ द्या. पाच मिन्टं चालवा. मोठ्या मायचा दम बघा कसा व्हायलाय. पोती मागून हलवू."

मी आत पाहिलं. सासूबाईंचे ओठ काळेनिळे दिसत होते, खांदे वरखाली होत होते. सिद्धोधन काय बोलला होता ते मला आठवत होतं. कुसुम काय बोलली होती तेही. पण लाईट आत्ताच गेली होती, आणि सिद्धोधन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो एवढ्यात कुठला येतोय, असं मला वाटलं. खरं तेच सांगतो, मी खाली वाकलो आणि जनरेटरच्या दोरीला हात घातला.

"चंद्रभान!"

एकतीस वर्षांत त्यांनी कधी माझं नाव घेतलं नव्हतं. मी वर पाहिलं. सासूबाई पलंगावरून उठून खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. डोक्यावर पदर नव्हता. त्या सरळ माझ्याकडं पाहत होत्या.

"चंद्रभान... वडू नको दोरी. खांबावर... सिद्धोधन हाय."

खांब घराच्या पाठीमागं आहे. तो फक्त त्यांच्याच खोलीतून दिसतो, दुसऱ्या खिडकीतून. सिद्धोधन आमच्या आळीतच कुणाकडं तरी आला होता आणि लाईट जाताच वर चढला होता. त्यांनी त्याला चढताना पाहिलं होतं.

मी दोरी सोडली. भुजंगनं सॉकेटमधली पिन उपटून काढली.

"कुसुमची पिशवी," सासूबाई म्हणाल्या. "वायर... आनती म्हनली व्हती."

ती पिशवी दुकानदारानं दवाखान्यातच माझ्या हातात दिली होती. घरी आल्यावर मी ती खुंटीला अडकवली आणि परत हात लावला नव्हता. आता उघडली. वर मिठाचे दोन पुडे. खाली चेंजओव्हरचा खोका. त्याच्याखाली दहा मीटर जाड नवी वायर, एका टोकाला तीन पिनांचा अखंड प्लग, दुसऱ्या टोकाला बोर्ड. आणि अगदी तळाशी कागदात बांधलेली पावशेर गोडीशेव, तिच्या आईला आवडते म्हणून.

मी आणि भुजंगनं जनरेटर उचलून अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या पुढच्या कोरड्या फरशीवर नेला. नव्या वायरचा प्लग जनरेटरला लावला, बोर्ड खिडकीतून आत घेतला आणि मशीनची पिन त्यात घातली. घराच्या वायरिंगला शिवलो नाही. तीनदा दोरी ओढली तेव्हा जनरेटर धरला. आत मशीननं टुक केलं आणि सुरू झालं.

भुजंगनं सासूबाईंना धरून बसवलं, मी नळ्या लावल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. हळूहळू खांदे खाली आले. अँब्युलन्स आली, त्यातल्या पोरीनं बोटाला चिमटा लावून पाहिलं, थोडा वेळ थांबली आणि न्यायची गरज नाही म्हणाली.

अँब्युलन्स यायच्या आधीच सिद्धोधन धावत आला होता. वरून त्यानं जनरेटरचा आवाज ऐकला होता आणि खांबावरून कसा उतरला त्याचं त्यालाच ठाऊक. "काका! कुठं सोडलाय? घरात सोडलाय काय?"

मी हातानं दाखवलं. त्यानं गोठ्यापासून खिडकीपर्यंत सगळी वायर नजरेनं पाहिली आणि ओट्यावर खाली बसला. पाणी मागितलं. भुजंगनं आपणहून ती दोन्ही टोकांना पिना असलेली वायर त्याच्यासमोर आणून ठेवली. सिद्धोधननं पट्ट्यातून पकड काढली, एक पिन कापली, दुसरी कापली आणि पकड परत ठेवली. भुजंग मान खाली घालून उभा होता.

"काका, अर्थिंगचा खड्डा कुठंय? काकू म्हनल्या व्हत्या, मंगळवारी खांदनार मनून."

मी चिकूच्या रोपाकडं पाहिलं. सिद्धोधननंही पाहिलं. मग भुजंगनं पाहिलं, आणि त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

"आरं देवा," तो म्हणाला. "दाजी, त्यो लायटीचा खड्डा व्हता? मग बोलला काहून न्हाई? मी सगळ्या भावकीत सांगत फिरायलोय की!"

खिडकीतून आवाज आला. दम अजून पुरा आला नव्हता, तरी आला. "आन् लावून लावून त्यात चिकू लावला व्हय रे, भुजंग्या?"

सिद्धोधनला आधी हसू फुटलं. मग मला. वीस दिवसांत पहिल्यांदा मी हसलो, आणि हसता हसता ओट्यावर बसून रडलो. भुजंग माझ्या पाठीवर हात ठेवून नुसता "दाजी, दाजी" करत राहिला.

रोप काढायचं का, असं सिद्धोधननं विचारलं. मी नको म्हणालो. मग तो म्हणाला की नवा खड्डा लांब घ्या, मीठ मुळाला लागलं तर रोप जळेल. त्यानं गोठ्याच्या भिंतीजवळ काठीनं गोल आखून दिला.

लाईट यायला संध्याकाळ झाली. भुजंग पिकअप वळवून उभा राहिला आणि बोचकं उचलायला आत गेला. सासूबाई पदर नीट घेऊन बसल्या होत्या. मी दारात होतो. त्यांनी मशीनकडं तोंड केलं.

"मशीनबाई, पाव्हण्याला इचारा, नवा खड्डा कवा खांदनार?"

"उद्या," मी मशीनला सांगितलं.

"उद्या उद्या करून चार म्हैने घातले म्हनावं. त्यांचा भरवसा न्हाई. भुजंग, ठिव ते बोचकं खाली. माझ्या लेकीनं सामान आनलंय. खड्डा व्हईस्तोर मी हालत न्हाई."

भुजंग एकटाच गेला. रात्री जेवताना सासूबाईंनी कागदातली शेव मागून घेतली. तिला तेलकट वास लागला होता. त्यांनी त्यातली एक कांडी तोंडात घातली, चावली, बाकीची पुडी परत बांधली आणि उशीखाली ठेवली.

ह्याला आता बारा दिवस झाले. सिद्धोधननं चेंजओव्हर भिंतीवर बसवला आहे, पण अर्थिंग झाल्याशिवाय जोडणार नाही म्हणतो. सिलिंडर मी भरून आणलंय, आणि मेनसमोरची पोती हलवली. लाईट गेली की कुसुमची वायर खिडकीतून आत घेतो. खाली चुनखडी कठीण आहे, पहारीनं दिवसाला चार बोटंच निघते. मी खणत असलो की सासूबाई मशीनला विचारतात, किती झाला? मी बाहेरून ओरडून सांगतो.

खड्डा छातीइतका झाला आहे, तीन फूट राहिलाय. पाइप गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, कोळशाचं पोतं आणि मिठाचे दोन पुडे तसेच आहेत. आणि खड्डा झाल्यावरही इथंच राहा, हे मला सासूबाईंना समोर उभं राहून, मशीनला मध्ये न घेता सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.